बेबीबाईच्या केसांची खळ

डिसेंबर १९८४, तारीख दोन. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी लाडू न्यायचे होते, म्हणून मी उपकेंद्राच्या मागच्या खोलीत धावड्याचा डिंक फोडत बसले होते. डिंक नीट बारीक केला नाही तर तळताना बाहेरून फुलतो आणि आत कच्चा राहतो, दाताला चिकटतो. त्यामुळे माझं सगळं लक्ष खलबत्त्यात होतं. दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं आहे हे मला उशिरा कळलं.

डोक्याला घट्ट फडकं बांधलेली एक बाई होती. आत आली, समोर उकिडवी बसली, ताटलीतला डिंकाचा एक खडा उचलला, उजेडात धरून पाहिला, जिभेला लावला आणि बोटांत चोळून बोटं मिटून-उघडून पाहू लागली. चिकटतात किती ते.

"बाई, हा पाण्यात पुरा विरते काय, का गाळ राह्यते खाली?"

मी म्हटलं, "तुला काय होतंय ते आधी सांग."

"थे होऊन राह्यलं ते होऊन राह्यलं," ती म्हणाली आणि डोक्यावरचं फडकं सोडलं. "पण याचं सांगा नं."

चिमूरकडच्या त्या गावात नर्स म्हणून बदली होऊन मला तीनच महिने झाले होते. ही बेबीबाई. तिला मी ओळखत नव्हते, पण तिचं नाव ऐकलं होतं. आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, भात घरात आलं की गावोगावी नाटकं होतात. बैलांच्या शर्यतींचा पट भरतो, पाहुणे येतात आणि पटाच्या रात्री उघड्यावर मांडव घालून पहाटेपर्यंत नाटक चालतं. पुरुषांची कामं गावचीच माणसं करतात. बायकांच्या कामाला 'लेडीज' बाहेरून आणतात. बेबीबाई ही त्यातली दुर्मीळ, गावातलीच लेडीज. तिचे वडील भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. लहानपणी ती त्यांच्यामागे कोरसमध्ये उभी राहायची, तिथून नाटकात गेली. नवरा बल्लारशाकडे कामाला गेला तो परत आला नाही. मुलगी, मित्रा, चंद्रपूरला वसतिगृहात राहून डी.एड. करत होती. पावसाळ्यात भाताची रोवणी, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता यावर बेबीचं पोट चालायचं. मित्राचं शिक्षण मात्र नाटकाच्या सीजनवर होतं.

आणि तो सीजन तिच्या डोक्यावर येऊन अडला होता. ड्रेपरीच्या, म्हणजे नाटकाचे पोशाख पुरवणाऱ्याच्या, पेटीतून जे विग भाड्यानं येत, ते किती डोक्यांवरून फिरून आलेले असत कोण जाणे. तिच्या टाळूवर पुळ्या होत्या, त्यातल्या काही फुटल्या होत्या. मी धुऊन निळं औषध लावलं आणि सांगितलं, "विग पुन्हा घातलास तर पुळ्या हटणार नाहीत आणि केसही जातील."

"मी बी तेच म्हन्लं मास्तरले," ती म्हणाली. "मागच्या नाटकात आपल्याच केसानं गेली. पह्यल्या अंकात मस्त. तिसऱ्या अंकात दव पडलं अन् माहे केस हे एवढे झाले." तिनं दोन्ही हात कानापासून वीतभर लांब धरले. "मी राजाच्या पायावर पडून रडून राह्यली, अन् मांडवातून कोनी ओरडलं, अस्वल आलं रे. राजा बी हासला."

तिचे केस विलक्षण कुरळे होते. भाताच्या पेंढीसारखे दाट, आणि प्रत्येक केस स्वतःच्या मनानं वळलेला. कोरडे असताना आवरायचे, दमट हवा लागली की फुगायचे. डोमाजी मास्तर, शाळेतले शिक्षक आणि नाटक मंडळाचे दिग्दर्शक, यांनी तिला शेवटचं बजावलं होतं. जानेवारीत गावच्या पटाला ऐतिहासिक नाटक होतं, तिला राणीचं काम होतं. उंच खोपा आणि गालावर दोन बटा. केस शेवटच्या पडद्यापर्यंत जागेवर राहिले तर पुढचा सगळा सीजन तिचा. नाही राहिले, तर विग घालायचा, किंवा नाटक कंपन्यांच्या वडशाहून दुसरी लेडीज येणार.

"मंग मी जवस शिजवून पाह्यली," ती म्हणाली. "तिची खळ छान येते. पन दवात सुटते. तिले घट्ट कराले काई पाह्यजे. म्हनून डिंकाचं इचारून राह्यली."

मी तिला डिंकाचे दोन खडे देऊन वाटेला लावलं असतं. पण तो पाण्यात पुरा विरतो की गाळ राहतो, हे मलाही माहीत नव्हतं. मी बत्ता खाली ठेवला आणि वाटीत पाणी आणलं.

अशी ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि पुढचा महिनाभर तिथेच राहिली म्हटलं तरी चालेल. जवसाची खळ करायला ती आधीच शिकली होती. मूठभर जवस पाण्यात मंद शिजवायची. पळीवरून अंड्याच्या पांढऱ्यासारखी लांब तार पडू लागली की उतरवायची आणि गरम असतानाच गाळायची. थांबलं तर ती फडक्यातून उतरतच नाही, फडक्यासकट दगड होते. तिचं लुगड्याचं फडकं फार जाड होतं; मी धुतलेलं बँडेजचं कापड दिलं, तेव्हापासून काम सोपं झालं.

मग एकेक डिंक. बाभळीचा आधी, कारण तो कुंपणालाच होता. त्यानं केस चिकटले, पण कोरडे झाल्यावरही चिकटच राहिले आणि उन्हात बसली तर मुंग्या चढल्या. धावड्याचा पाण्यात जवळजवळ पूर्ण विरला, तळाला थोडा गाळ. पकड उत्तम, पण जास्त घातला तर वाळून पांढरी पापडी झडायची. "राणीले कोंडा झाला म्हनतीन," बेबी म्हणाली. पांढऱ्या सालीच्या कुलूच्या झाडाचा डिंक तिला आठवडी बाजारात मिळाला. तो विरत नाही, नुसता फुगतो. चिमूटभरात वाटी भरते. पहिल्या खेपेला भुकटी सरळ पाण्यात टाकली तर साबुदाण्यासारख्या गुठळ्या झाल्या, वर आंबूस वास. ती त्या गुठळ्या बोटांनी फोडत बसली.

"काऊन झाल्या असतीन?"

"वरचा थर आधी भिजला आणि आत पाणी गेलंच नाही," मी म्हटलं. पिठलं करताना हेच होतं.

"मंग पाणी जायच्या आंदी दाने दूर दूर कराले पाह्यजे." तिनं भुकटी चार थेंब खोबरेलात चोळली, मग ढवळत ढवळत भुरभुरली. एकही गुठळी नाही. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान होतं, ते मी नाटकाच्या टाळ्यांनंतरही पाहिलं नाही.

शेवटी तिचं प्रमाण ठरलं: जवसाची खळ, तिला घट्टपणा यायला कुलू, पकडीला बेताचा धावडा. पण खरी परीक्षा दवाची. त्यासाठी तिनं फणीत आलेला स्वतःचा गुंतवळ घेतला, त्याच्या बटा वळल्या, प्रत्येकीला वेगळी खळ लावली आणि संध्याकाळी माझ्या कुंपणाच्या काट्यांना बांधून गेली. सकाळी उजाडताच ती तिथे हजर. बट सुटली की पकडून आहे, बोटानं दाबून पाहायची.

कुंपणाला केस बांधलेले म्हणजे गावात बोलणं आलंच. विहिरीवर एकीनं विचारलं, "बेबे, नर्सबाईच्या कुंपनाले करनी करून राह्यली काय वो?"

"व्हय नं. नवऱ्याले बल्लारशाहून वापस आनून राह्यली."

"मंग आला काय?"

"आला तं तुह्याच घरी पाठवीन. माह्याकडे जागा नाई."

मला हे पसंत नव्हतं. सरकारी कुंपण, त्यावर केस. दोनदा मी काढून टाकले. तिसऱ्यांदा सकाळी बाहेर आले आणि फेकण्याआधी स्वतःच बोटानं दाबून पाहिलं. सगळ्या बटा सैल झालेल्या. धावडा जास्त असलेली तेवढी थोडी धरून होती. पाण्यात विरणारी वस्तू दवातही विरणार, हे उघड होतं. प्रश्न फक्त किती वेळात विरते एवढाच होता.

बेबी निराश होत नसे असं नाही. पण तिची एक रीत होती. "आंदी पाहू, मंग रडू," ती म्हणायची. नवऱ्यानं दुसरं घर केल्याची खबर आली तेव्हाही ती म्हणे आधी बल्लारशाला जाऊन तो राहतो ते घर, ती बाई, घरातली भांडीकुंडी सगळं पाहून आली. "घर माह्यापेक्षा लहान होतं," एवढंच ती मला म्हणाली. रडली की नाही ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तिची ही पाहण्याची हौस केसांपुरती नव्हती. सिरिंज उकळताना किती उकळतात, थांबवलं तर काय होतं, थर्मामीटरचा पारा वर चढतो तो आपोआप खाली का येत नाही. मी कधी कधी वैतागून म्हणे, "बेबी, मला काम आहे." ती म्हणे, "तुमी करा नं काम, मी कुठी अडवून राह्यली? मी पाहून राह्यली." आणि खरंच ती अडवत नसे. फक्त आपण जे रोज डोळे मिटून करतो, ते तिच्यासमोर डोळे उघडून करावं लागे.

पुढचं आताच सांगून टाकते. बेबी १९८८ च्या पावसाळ्यात गेली. रोवणीच्या दिवसांत ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, हिवताप डोक्यात गेला. माझी बदली तोवर जिवतीच्या डोंगरात झाली होती. मित्रा गोंडपिपरीला शिक्षिका झाली आहे. तिनंच मला बस स्टँडवर गाठून सांगितलं. मी तिथे असते तर रक्त तपासून पहिल्याच दिवशी गोळ्या दिल्या असत्या. ते झालं नाही. मला मात्र ती आठवते ती तापातली नाही. तो ताप मी पाहिलाच नाही. मला आठवतो तो पटाचा दिवस.

त्या दिवशी मी शेजारच्या गावी लसीकरणाला गेले होते. बेबीला थंडीनं सर्दी झालेली, नाक पूर्ण बंद. खळ ताजी हवी म्हणून ती मांडवामागच्या मेकअपच्या झोपडीतच तीन दगडांवर शिजवायची होती. डिंक आदल्या दिवशीच कुटून, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून तिनं मेकअपच्या पेटीत ठेवला होता. त्याच पेटीत, तशाच कागदात, मास्तरांनी धूप ठेवला होता. पडदा उघडण्याआधी रंगभूमीची पूजा होते, तिला आमच्याकडे सालईचा धूप लागतो. सालईही झाडातूनच पाझरते, तिचेही पिवळट खडे, आणि मास्तर व्यवस्थित माणूस, त्यांनी तीही कुटून ठेवलेली. वासावरून कोणीही ओळखलं असतं. बेबीला त्या दिवशी वासच येत नव्हता.

मी संध्याकाळी परतले, सायकल मांडवाला टेकवली आणि आत गेले. बेबी आरशासमोर ताठ बसली होती. खोपा उंच, चकचकीत, गालावर दोन बटा नाण्यासारख्या गोल.

"बाई, आज खळ जरा जास्तच निघाली," ती म्हणाली. मान न हलवता.

मी खोप्याला हात लावला. टणक. बोटानं टिचकी मारली तर आवाज आला. फणी घातली, दातच आत जाईना.

"काय घातलंस?"

"जे रोज घालते तेच. शिजताना विरलं नाई नीट, वरवर तरंगून राह्यलं. म्हन्लं उशीर झाला, घोटून घोटून गरमच लावली."

तेवढ्यात पडद्यापलीकडे पूजा सुरू झाली होती. मास्तरांनी निखाऱ्यावर पुडीतली मूठ टाकली. धूर नाही, वास नाही. निखाऱ्यावरचे बारीक खडे पांढरे होऊन टप टप फुलू लागले. पेटीवाला म्हणाला, "मास्तर, धूप हाये का लाडवाचा डिंक?"

मी खोप्याजवळ नाक नेलं. देवळात गेल्यासारखा वास.

मास्तर आत आले. सगळं कळल्यावर ते डोकं धरून खुर्चीवर बसले. मी म्हटलं, "तेलानं निघेल. पण वेळ लागेल आणि नंतर केस तेलकट होऊन गळ्यात पडतील. खोपा होणार नाही."

"मंग इग घाल बेबीबाई," मास्तर म्हणाले. "पेटीत हाये. आजच्या दिवस घाल. जखमेचं उद्या पाहू."

बेबीनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, सालई पान्यात सुटते काय?"

"नाही."

"मंग दवात?"

तिनं लोटा उचलला आणि ओंजळभर पाणी स्वतःच्या खोप्यावर ओतलं. मास्तर ओरडले. पाणी अळूच्या पानावरून जावं तसं घरंगळलं. बटा जशाच्या तशा.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "पेटी बंद करा मास्तर. इग राहू द्या आत."

मी घोंगडी घेऊन दुसऱ्या रांगेत बसले. दव असं पडलं की समोरच्या म्हातारीच्या पदरावर हात फिरवला तर ओला व्हावा. राजाच्या मिशा एका बाजूनं सुटल्या, सेनापतीचा विग भिजून कपाळावर आला. बेबीचा खोपा हलला नाही. फक्त एक गोष्ट आम्ही कोणी धरली नव्हती. जनरेटरच्या फोकसखाली ती आली की सालई तापायची आणि धुपाचा वास पहिल्या चार रांगांत पसरायचा. ती जवळ आली की समोरची म्हातारी हात जोडायची. राणी त्या वेळी नवऱ्याच्या दुधात विष कालवत होती.

नाटक संपलं तेव्हा कोणी अस्वल म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या अंगणात पाटावर बसली होती आणि मी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून तिच्या केसांत जिरवत होते. एकेक बट बोटांनी चोळायची, तेल-सालई विरघळून पातळ झाली की फणीनं खाली ओढायची. ते तेल मी खाली वाटीत धरत होते, कारण सारवलेलं अंगण खराब झालं असतं. पुळ्यांवरची खपली एका ठिकाणी निघाली. कानामागचा एक गोळा काही केल्या सुटेना, तो मी ड्रेसिंगच्या कात्रीनं कापून काढला. बेबी बसल्या बसल्या झोपत होती.

डोमाजी मास्तर किटलीत चहा घेऊन आले. ओसरीवर बसले, कपात ओतला.

"बेबीबाई, सीजन तुमचाच. पन केस असेच पाह्यजे. तिकडे पुढच्या गावचे लोक पाहून गेले. म्हनते, धुपाची राणी आना."

"असे रोज केले तर वैशाखापर्यंत डोक्यावर केस उरणार नाहीत," मी म्हटलं.

"मंग इग."

"विगनंही उरणार नाहीत."

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांना पुढच्या आठवड्यात नाटक होतं, एवढंच. ते बेबीकडे पाहत राहिले. बेबीनं डोळे उघडले, पण मास्तरांकडे पाहिलं नाही. ती वाटीत पाहत होती.

"बाई, हे फेकू नका." तिनं बोट बुडवलं. "सालई तेलात गेली. आता ही तेलात पातळ हाये. धावड्याची खळ पान्यात हाये. दोन्ही घोटले तं?"

"तेल आणि पाणी मिसळत नाही."

"तुमी घोटून पाह्यलं?"

मी पाहिलं नव्हतं. स्वयंपाकघरात परवाच्या बटांसाठी केलेली जवस-कुलूची थोडी खळ उरली होती. मी तिच्यात धावड्याचं पाणी घातलं आणि वाटीतलं तेल चमचा चमचा टाकत रवीनं घुसळलं. मास्तर चहा विसरून रवीकडे बघत होते. आधी तेलाचे डोळे दिसले, मग ते बारीक झाले, मग दिसेनासे झाले. ताकासारखं पांढुरकं झालं. आम्ही थांबून राहिलो. तेल वर आलं नाही.

"लावून पाहाले पाह्यजे," बेबी म्हणाली आणि डोक्याकडे हात नेला. तिथे माझं निळं औषध ओलं होतं.

"तुझ्या डोक्याला आठवडाभर काही लागणार नाही," मी म्हटलं.

मास्तर म्हणाले, "मंग कोनाच्या?" आणि त्यांनी नकळत आपल्या टकलावरून हात फिरवला. बेबी इतकी हसली की पाट सरकला.

मी माझी वेणी सोडली. माझे केस सरळ, त्यांना कधी खोबरेलाशिवाय काही ठाऊक नव्हतं. कानावरची एक बट वेगळी काढली, ती ताकासारखी खळ तिला चोळली, पेन्सिलीवर गुंडाळली आणि वाळेपर्यंत तशीच धरून बसले. पेन्सिल काढली तेव्हा गालावर एक गोल वळण आलं. बेबीनं ते दोन बोटांनी दाबून पाहिलं, सोडलं, परत दाबलं.

साडेनऊ वाजत आले होते. मी उरलेल्या केसांची वेणी घातली, पांढरी साडी नेसले आणि केंद्र उघडलं. बाहेर बायका बसलेल्या होत्या. स्टोव्हवर सिरिंजचं भांडं चढवलं, पाणी उकळू लागलं, झाकण उचललं आणि तोंड वाफेवर धरलं. एरवी मी वाफेपासून दूर राहते. घाम कपाळावरून ओघळला, चष्मा पांढरा झाला. मी कानावर हात नेऊन पाहिलं. वळण तसंच होतं. मग खोबरेलाचा एक थेंब लावून फणी फिरवली, आणि ते सरळ झालं, तुटलं नाही.

दारात पहिली बाई येऊन उभी राहिली होती. तिनं नाक वर करून वास घेतला.

"बाई, धूप कुठी जळून राह्यला?"

"बस," मी म्हटलं, आणि थर्मामीटर झटकून तिच्या तोंडात दिला. मग दाराशी जाऊन, अंगणात पाटावर बसलेल्या बेबीला मानेनं खूण केली की टिकलं.